बुखारीपाशी ठेवलेला फोन

जबलपूरच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक दिवा आणि त्या दिव्याखाली बावीस वर्षं वाकलेली माझी मान. पावसाळ्यात धुआंधार धबधब्याचे तुषार खाल्लेले फोन येतात, मे महिन्यात बॅटरी फुगलेले. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र निराळीच जात येते, गुलमर्ग-औली-मनालीहून परतलेली. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, "भैया, पानी में गिरा ही नहीं." मी सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारतो. पुष्कळ फोनांत तिथे एक इवलीशी पांढरी चकती असते, पाणी लागलं की ती लाल होते. चकती लाल असते. आणि गंमत म्हणजे गिऱ्हाईकही खरंच बोलत असतं.

हे कसं होतं ते मला ऐकून-वाचून ठाऊक होतं. डोळ्यांनी पाहिलं ते गेल्या फेब्रुवारीत. भाचीने गुलमर्गला स्कीइंग शिकायचं ठरवलं आणि ताई तिला एकटी सोडेना. "मामा, तू चल, तुला स्की नाही करावं लागणार," एवढ्या आश्वासनावर मी निघालो.

पहिला फटका श्रीनगरलाच. फोन धडधाकट, पण मुका. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरून आणलेलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. बावीस वर्षं याच धंद्यात असलेला माणूस हे विसरून प्रीपेड घेऊन गेला होता. भाची दोन दिवस हसत होती.

मग गुलमर्गच्या गोंडोल्याने, म्हणजे केबल कारने, वर कोंगडोरीला गेलो. उन्हात छान वाटत होतं, पण हवा उणे नऊ. भाचीने हातमोजा काढून व्हिडिओ सुरू केला. बॅटरी ३८ टक्के. दोनेक मिनिटांत पडदा काळा. तिला वाटलं, गेला. मी तो घेतला आणि स्वेटरच्या आतल्या खिशात टाकला. अर्ध्या तासाने, चार्जिंगला न लावता, तोच फोन सुरू झाला: ३४ टक्के.

वीज कुठे गेली नव्हती, अडकली होती. फोनच्या बॅटरीत लिथियमचे आयन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका द्रवातून जात-येत असतात. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली उलटी केली तरी तेल हलत नाही, आठवतं ना? बॅटरीतला द्रव तसा गोठत नाही, पण दाट होतो, आणि आयनांची चाल मंदावते. अशा वेळी कॅमेरा, चकचकीत पडदा आणि नेटवर्क यांनी एकदम वीज मागितली की व्होल्टेज धाडकन खाली येतं. फोन समजतो बॅटरी संपली, आणि स्वतःला बंद करून घेतो. माझे बाबा इथल्या व्हेईकल फॅक्टरीत होते, शक्तिमान ट्रकांच्या काळात. ते म्हणायचे, थंडीत बॅटरी मरत नाही, रुसते. ट्रकची बॅटरी शिशाची, फोनची लिथियमची. रुसणं दोन्हीकडे तेच.

खरं सांगायचं तर आपल्या मे महिन्याने जितक्या बॅटऱ्या मारल्या तितक्या गुलमर्गच्या बर्फाने मारल्या नसतील. आयफोनची कंपनी वापरासाठी ० ते ३५ अंशांची हवा सांगते, नुसता बंद ठेवायला उणे २० ते ४५. वरची हद्द ओलांडली की होणारी झीज कायमची. खालची ओलांडली तर ती बहुतेक तात्पुरती, एका अटीवर: गारठलेल्या फोनला चार्जर लावायचा नाही. शून्याखाली चार्ज करायला गेलं तर लिथियम ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू होऊन बसतं. ते पुन्हा कामाला येत नाही आणि पुढेमागे आत शॉर्टही करू शकतं. आताचे बरेच फोन अशा वेळी स्वतःच चार्जिंग नाकारतात. लोक मग केबलवर चिडतात.

पण त्या लाल चकतीचं उत्तर मिळालं ते संध्याकाळी, खोलीत. हॉटेलात बुखारी, म्हणजे खोली उबवणारी काश्मिरी शेगडी, पेटलेली, वर पाण्याची किटली वाफाळतेय. भाचीने ओलं जॅकेट भिरकावलं आणि फोन बुखारीशेजारच्या स्टुलावर ठेवला, गरम व्हावा म्हणून. मी बघेपर्यंत काचेवर दव. पुसलं, पुन्हा आलं. मग कॅमेऱ्याच्या भिंगाच्या आत एक धुरकट चंद्र उगवला. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला पाणी सुटतं तेच हे. फरक इतकाच की फोनच्या आत शिरलेली ओल पुसता येत नाही. वॉटरप्रूफचा शिक्का त्याच्या कामाचा नाही. ती चाचणी पाण्यात बुडवण्याची असते; फोनच्या आत हवा असतेच आणि त्या हवेत बाष्पही असतं. तरी तो धुरकट चंद्र तासाभरात मावळला. माझ्या काउंटरवर येतात ते न मावळलेले, आणि मधल्या वेळात चार्जिंगला लावलेले. ओल्या पिनमध्ये वीज गेली की हिरवट बुरशीसारखा थर चढतो, मग अल्कोहोल, ब्रश आणि माझी मान. कुणी तांदळाच्या डब्यात ठेवून आणतं. पिनमधून तांदळाचं पीठ चिमट्याने काढणं हा माझ्या धंद्यातला सर्वांत हलका आणि सर्वांत संतापजनक भाग. ॲपलनेही २०२४ मध्ये तांदूळ वापरू नका म्हणून सांगितलं. आमच्याकडे अजून कुणी ऐकलेलं नाही.

पुढचे दिवस मी भाचीच्या फोनचा पहारेकरी झालो. फोन थर्मल आणि जॅकेट यांच्या मधल्या खिशात, अंगाला चिकटून नाही, कारण स्की करताना घाम भरपूर येतो. पाठीच्या किंवा कमरेच्या खिशात तर मुळीच नाही. नवशिक्या तिथेच आपटतो. पॉवर बँकही आतच. फ्लाइट मोड चालू, कारण डोंगरात नेटवर्क शोधता शोधताच बॅटरी बसते. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर जीपीएस नेटवर्कशिवायही चालतं. फोटोसाठी आवाजाचं बटण: हातमोजा काढायला नको. काचेला बोटातून जाणारी वीज कळते, लोकर कळत नाही. गरम राहणाऱ्या पुड्या मिळतात, त्या हातासाठी. फोनला चिकटवल्या तर नको इतका तापतो. निखाऱ्यांच्या कांगडीचंही तेच. फेरन घालून फोटो काढणारे पर्यटक कांगडी आणि फोन एकाच कुशीत धरतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

दोन गोष्टी भाचीच्या शिक्षकांकडून कळल्या. वर अफरवटकडे, सुमारे ३,९५० मीटरवर, आखलेल्या उतारांबाहेर जाणारे लोक हिमस्खलनात सापडल्यास शोध लागावा म्हणून अंगावर बीकन बांधतात; फोन त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर लांब हवा, आणि बीकनने कुणाला शोधत असाल तर ५०, नाहीतर संकेतात गोंधळ होतो. दुसरी गोष्ट अमेरिकेतली. २०२२ मध्ये आयफोनमध्ये अपघात ओळखण्याची सोय आली आणि त्या हिवाळ्यात कोलोरॅडोच्या आपत्कालीन कक्षांत फोनांनी आपोआप कॉल लावायचा सपाटा लावला. स्की करणारा धपकन पडून हसत उठलेला असायचा. कॉल लागण्याआधी फोन कोकलतो, पण तो जाड जॅकेटच्या आत कुणाला ऐकू येणार! भाची दर आपटीनंतर खिसा चाचपायची. आपट्या खूप होत्या.

शेवटच्या दिवशी उतारावरच तिने फोन बंद केला आणि जबलपूरहून आणलेल्या चिवड्याच्या रिकाम्या झिप पिशवीत घालून तोंड घट्ट बंद केलं. खोलीत आल्यावर पिशवी बुखारीपासून लांब, दाराच्या खुंटीला. आम्ही कहवा प्यायलो, दुसरा मागवला. पिशवीवर बाहेरून थेंब जमले, ओघळले, सुकले. पाऊण तासाने तिने ती उघडली. फोन कोरडा होता. फक्त चार्जिंगच्या भोकात एक मोहरी अडकली होती; ती मी घरी आल्यावर काढली.