वेळापत्रकाबाहेरचा दिवस

मार्गशीर्षातील अमावस्या जवळ आली, की आमच्या हुमनाबाद परिसरात घरोघरी आंबिलाची मडकी घासूनपुसून ठेवली जातात. कन्नडमध्ये या दिवसाला ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणतात. ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. आपण मराठी मंडळी तिला वेळ अमावस्या किंवा बोलीत येळवस म्हणतो. बिदर-कलबुर्गीपासून लातूर-धाराशिवपर्यंतचा मुलूख त्या दिवशी शेतात जेवतो. ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभरा डोलत असतो. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते, भज्जीचा नैवेद्य दाखविला जातो, उभ्या पिकावर आंबील शिंपडतात. आणि मग लेकीसुना, पाहुणे, शेजारी आणि वाटेने जाणारा परका या सर्वांची एकच पंगत बसते.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका येळवसेची गोष्ट सांगावयाची आहे. माझा मुलगा तेव्हा आठवीत होता. मी पडलो मुख्याध्यापक! घराच्या भिंतीवरही मी वेळापत्रक चिकटविले होते. पहाटे गणित, शाळा सुटल्यावर इंग्रजीची शिकवणी, त्यानंतर विज्ञानाची, रविवारी संगणकाचा वर्ग. माझ्या आईने आदल्या रात्री त्याला विचारले, “बाळ, उद्या शेताला येतोस ना?” तो म्हणाला, “आजी, उद्या शिकवणीत चाचणी आहे. बाबांना विचार.” तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “आई, शेत कुठे पळून जात नाही. पुढच्या वर्षी नेऊ त्याला.”

ती काही बोलली नाही. सायंकाळी परतताना तिने नातवासाठी तांब्याभर आंबील आणली. तो रात्री नऊला आला आणि दोन घास खाऊन झोपी गेला. सकाळी आंबील तशीच झाकलेली होती. पुढच्या येळवसेला शेत होते तेथेच होते. आई मात्र राहिली नव्हती. त्या चाचणीत किती गुण मिळाले, ते आज त्यालाही आठवत नाही आणि मलाही नाही.

मुलांच्या हितासाठीच आपण सारे करतो, याविषयी शंका नाही. परंतु जे जे चांगले दिसेल ते ते मुलाच्या दिवसात कोंबत गेलो, म्हणजे त्या दिवसात मुलाला स्वतःला बसावयास जागा उरत नाही. शिवाय या धावपळीचा भार खरोखर कोण वाहते? डबे भरणारी, मुलाला पोहोचविणारी आणि रात्री जागून वह्या पाहणारी त्याची आई! वेळापत्रक मी लिहिले होते. ते पाळीत होती माझी पत्नी. ती एकदा शांतपणे म्हणाली, “तुम्ही शाळेचे मुख्याध्यापक आहात, घराचे नव्हे.”

अशा वेळी मला ताराबाई मोडक यांची आठवण होते. 1945 साली त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधने नव्हती. खडे, शिंपले, बिया, पाने यांवरच मुले मोजावयास आणि बोलावयास शिकली. 1962 साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. 1975 साली सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेमुळे ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. मुलाच्या वाढीस लागणारे पुष्कळसे आपल्या उंबरठ्यावरच असते, हे त्या कार्यातून मी शिकलो; दुर्दैवाने जरा उशिरा शिकलो.

महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांना तर हे अधिकच लागू आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हुमनाबाद तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. आमची मुले बाजारात कन्नड आणि दखनी बोलतात, वर्गात इंग्रजीमागे धावतात. या सर्व भाषा त्यांना याव्यातच. परंतु मराठीसाठी कोणी शिकवणी लावीत नाही. ती येते आजीजवळ डाळ निवडताना, पंगतीत वाढताना आणि रिकाम्या दुपारी ऐकलेल्या गोष्टींतून. रिकामा वेळ संपला, की घरातील मराठीही आटू लागते. हे मी एम. ए.च्या कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. माझ्याच ओसरीवर पाहिले.

आई गेल्यानंतर आम्ही वेळापत्रक भिंतीवरून उतरविले. मुलाला जो विषय खरोखर अवघड जात होता त्याची एकच शिकवणी ठेवली. रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र घ्यावयाचे, आणि त्या वेळी सर्वांचे मोबाइल, माझासुद्धा, कोनाड्यात ठेवावयाचे, असे ठरले. घरातील एक काम मुलाकडे सोपविले. पाणी भरणे त्याने स्वतःच निवडले. रविवार मोकळा सोडला. आरंभी फार अवघडल्यासारखे झाले. जेवताना काय बोलावे हेच कोणास सुचेना! पहिल्या परीक्षेत गुणही थोडे घसरले आणि माझा धीर सुटू लागला. पत्नीने तो सुटू दिला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एके रात्री मुलाने आपणहून विचारले, “बाबा, आजी आंबील कशी करायची?”

त्याच्या आईने त्याला कृती सांगितली. ज्वारीचे पीठ, ताक, मीठ, लसूण. अवघ्या चार वस्तू! मी मात्र उठून अंगणात गेलो.

आज तो हैदराबादेस नोकरीस आहे. कामाचा व्याप मोठा असतो. तरी दिवाळी सरताच त्याचा फोन येतो, “बाबा, यंदा येळवस कोणत्या तारखेला? रजा आधीच मागावी लागते.”

वाचकहो, आपल्या गावी येळवस नसेलही. परंतु वर्षातला एखादा दिवस आणि दिवसातली एखादी घटका वेळापत्रकाबाहेर ठेवणे कोणत्याही घराला अशक्य नाही. घरात वडीलधारे माणूस असेल, तर ती आजच ठेवावी. शेत कुठे पळून जात नाही, हे खरेच आहे. पण पंगतीतली माणसे तीच राहतील, याची शाश्वती कोणी द्यावी?