भाग २७ : पिकअपला हेवी ड्युटी क्लच टाकावा का?

रत्नागिरीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. मिरकरवाड्यातून मासळी भरायची आणि आंबा घाट चढून कोल्हापूरला पोचवायची, हा त्याचा रोजचा धंदा. डिझेल पिकअप स्वतःची, हप्ते चालू. दीड वर्षात दोन क्लच प्लेटा गेल्या. दुसरी तर घाटातच गेली. गाडी चढेना, बर्फ वितळतोय आणि मागे वाहनांची रांग. मेकॅनिक म्हणतो, हेवी ड्युटी टाक, कटकट संपेल. टाकू का?

उत्तर देण्याआधी क्लच काय करतो ते दोन मिनिटांत बघू. इंजिनच्या मागे फ्लायव्हील फिरतं. त्याच्यावर क्लच प्लेट, आणि प्लेटीला फ्लायव्हीलवर घट्ट दाबून धरणारी प्रेशर प्लेट. पेडल दाबलं की दाब सुटतो, सोडलं की प्लेट पुन्हा चिकटते. बस्स, सगळा खेळ घर्षणाचा. प्लेट किती टॉर्क धरून ठेवेल हे तीन गोष्टींवर ठरतं : दाब किती, लायनिंगची पकड किती आणि प्लेट केवढी मोठी. दाब २० टक्के वाढवला तर धरायची ताकद २० टक्के वाढते. हेवी ड्युटी म्हणून जे किट विकतात त्यात यातलंच काहीतरी वाढवलेलं असतं.

आता इथे गंमत आहे, आणि बहुतेक जण इथेच फसतात. गाडीत माल जास्त भरला म्हणून इंजिनचा जास्तीत जास्त टॉर्क वाढत नाही! आपल्याकडच्या अडीच लिटरच्या पिकअपचं इंजिन साधारण २०० न्यूटन मीटर देतं. गाडी रिकामी असो की भरलेली, आकडा तोच. कंपनीचा चांगला क्लच तेवढा टॉर्क धरतो, वर थोडी शिल्लकही ठेवतो. म्हणजे पूर्ण चिकटलेल्या प्लेटीला लोडचं काही वाटत नाही.

मग प्लेट जळते कधी? चिकटता चिकटता. गाडी उचलताना इंजिन फिरत असतं आणि चाकं थांबलेली असतात. तेवढा वेळ प्लेट घासते आणि तापते. हिशोब करून बघा. ३ टनांची भरलेली गाडी, १२ फुटांत १ फूट असा चढ, आणि तुम्ही ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरलीय. पहिल्या गिअरची एकूण घट १६ पट धरली तर क्लचवर साधारण ५० न्यूटन मीटर येतात. इंजिन १२०० आरपीएमला. गुणाकार केला की ६ किलोवॅटच्या आसपास उष्णता येते. बाथरूममधला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे ३ गिझर एका थाळीएवढ्या प्लेटीवर चालू! एसटीला वाट देताना तुम्ही मिनिटभर असे थांबलात, तर करपलेला वास येणारच ना.

म्हणून क्लचसाठी टॉर्क धरणं वेगळं आणि उष्णता सोसणं वेगळं. आपल्या श्रोत्याचा प्रश्न दुसरा आहे, आणि मेकॅनिकने सुचवलेलं औषध बहुधा पहिल्यावरचं.

यूट्यूबवर हेवी ड्युटी क्लचचे जे जबरदस्त व्हिडिओ दिसतात ते बहुतेक अमेरिकेतल्या मोठ्या डिझेल पिकअपचे. २०१८ पर्यंत रॅममध्ये कमिन्स इंजिनाबरोबर मॅन्युअल गिअरबॉक्स मिळायचा, आणि ते इंजिन सुमारे ९०० न्यूटन मीटरचं. त्यावर लोक ट्यूनिंग करून टॉर्क आणखी वाढवतात, मागे भलामोठा ट्रेलर ओढतात. तिथे कंपनीचा क्लच खरोखर कमी पडतो, आणि जास्त दाबाची प्रेशर प्लेट किंवा दोन प्लेटांचा क्लच लागतो. तुमच्या गाडीचं ट्यूनिंग करून टॉर्क वाढवला असेल तर तुम्हालाही तेच लागू. नसेल, तर ते व्हिडिओ बघा आणि मजा घ्या.

फुकट काहीच मिळत नाही, बरं का. दाब वाढवला की पेडल जड होतं. रोज घाट आणि शहरातलं ट्रॅफिक, डावा गुडघा बोलायला लागतो. शिवाय तो जादा दाब रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर येतो. सिरॅमिक बटणांची प्लेट उष्णता भारी सोसते, पण ती एकदम पकडते. मुंगीच्या पावलाने गाडी सरकवायची म्हटलं की हिसके बसतात, आणि ते हिसके गिअरबॉक्सला, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, डिफरन्शियलला जातात. आतापर्यंत क्लच घसरून हे सगळं वाचवत होता. फ्यूज जाड तारेचा केला की वायरिंग जळतं, तसंच आहे हे.

माझं मत विचाराल तर आधी कारण शोधा. क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय का? प्लेटीला तेल लागलं तर कुठलाही क्लच घसरेल. पेडलला थोडी मोकळी चाल आहे का? नसेल तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि प्लेट कधीच पूर्ण चिकटत नाही. पेडलवर पाय टेकवून गाडी चालवली तरी हेच होतं. आणि फ्लायव्हील! आपल्या श्रोत्याने दुसऱ्यांदा फक्त प्लेट बदलली, फ्लायव्हीलला हात लावला नाही, असं त्याच्या मेसेजवरून दिसतंय. तापलेल्या फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक चिरा पडतात, त्यावर नवी प्लेट नीट बसत नाही. लेथवर फेसिंग करून घ्या. चिरा खोल असतील तर बदलाच. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर प्रेशर प्लेट, बेअरिंग, सील सगळं एकदम करा. मजुरी दोनदा कशाला द्यायची?

त्याच्या जागी मी असतो तर कंपनीच्याच मापाचा, चांगल्या ऑरगॅनिक लायनिंगचा पूर्ण सेट टाकला असता. पहिले ५००-७०० किलोमीटर सांभाळून चालवायचे, म्हणजे लायनिंग बसतं. चढावर थांबलं की हँडब्रेक ओढायचा, क्लच पूर्ण दाबायचा किंवा न्यूट्रल करायचं. निघताना पहिलाच गिअर, इंजिनने गाडी ओढायला घेतली की हँडब्रेक सोडायचा आणि पाय पेडलवरून काढायचा. हे जमतं, ४ दिवस लागतात.

आणि एक विचारायचंय त्याला. १७०० किलोच्या गाडीत मासळी किती भरतोस ते तू सांगितलंस. बर्फ धरलास का त्यात? आणि क्रेटमधलं पाणी? काट्यावर गाडी भरून एकदा उभी कर आणि आकडा मला पाठव. सोबत अजून एक चाचणी कर : सपाट, मोकळा रस्ता, चौथा गिअर, कमी स्पीड, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाब. इंजिनचा आवाज चढतोय आणि गाडी तिथल्या तिथे, असं झालं तर क्लच आत्ताही घसरतोय, आणि या आठवड्यात घाटात भरलेली गाडी नेऊ नकोस. दोन्ही उत्तरं आली की पुढच्या भागात त्यावर बोलू.