चुशूल-मोल्डोच्या फेऱ्या

पूर्व लडाखमधील तणावावर भारत आणि चीन यांच्या कोअर कमांडरांची पहिली बैठक ६ जून २०२० रोजी मोल्डो येथे झाली. त्याआधी प्रत्यक्ष ताबारेषेवरचे खटके सहसा याच्या खालच्या पातळीवर मिटत. चुशूल, दौलत बेग ओल्डी, नथू ला, बूम ला आणि किबिथू या ठरलेल्या ठिकाणी ध्वजबैठका होत आणि स्थानिक अधिकारी तोडगा काढत. मे महिन्यात पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावर सैनिकांत हाणामारी झाली, चिनी तुकड्या अनेक ठिकाणी पुढे सरकल्या आणि ती व्यवस्था अपुरी ठरली. म्हणून लेहच्या १४व्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरिंदर सिंग आणि दक्षिण शिनजियांग लष्करी विभागाचे मेजर जनरल लिउ लिन समोरासमोर बसले.

तणाव उतरवण्याचे ठरले खरे. पण नवव्या दिवशी, १५ जूनच्या रात्री, गलवान खोऱ्यात कर्नल संतोष बाबू यांच्यासह २० भारतीय जवान मारले गेले. ताबारेषेजवळ गोळीबार न करण्याचे बंधन १९९६च्या कराराने घातले होते. त्यामुळे झुंज दगड आणि खिळे ठोकलेल्या दांडक्यांनी झाली. चीनने आपले चार सैनिक गेल्याचे फेब्रुवारी २०२१मध्ये मान्य केले.

पुढच्या बैठका कधी ताबारेषेच्या अलीकडे चुशूलला, कधी पलीकडे मोल्डोला होत. काही तर बारा तासांहून अधिक चालल्या. उन्हाळाभर पँगाँगच्या प्रश्नावर मात्र काही हलेना. कोंडी फुटायला सुरुवात झाली ती टेबलाबाहेर: जनरल मनोज नरवणे लष्करप्रमुख असताना, ऑगस्टअखेर, भारतीय तुकड्यांनी सरोवराच्या दक्षिणेकडील कैलास रांगेतली शिखरे ताब्यात घेतली. तिथून मोल्डोचा चिनी तळ नजरेच्या टप्प्यात आला. २१ सप्टेंबरच्या सहाव्या फेरीत परराष्ट्र खात्याचे सहसचिवही बसले आणि आघाडीवर आणखी सैन्य न पाठवण्याचे दोन्ही बाजूंनी जाहीर केले.

नवव्या फेरीनंतर, १० फेब्रुवारी २०२१ रोजी, पँगाँगहून माघार सुरू झाली. उत्तर काठावर चिनी सैन्य फिंगर ८ या डोंगरसोंडेच्या पूर्वेला गेले, भारतीय सैन्य फिंगर ३जवळच्या धनसिंग थापा चौकीवर आले आणि मधल्या पट्ट्यात दोघांचीही गस्त थांबली. बदल्यात भारताने कैलास रांग सोडली. डेपसांगमधल्या अडलेल्या गस्तीचा प्रश्न सुटण्याआधीच हुकमाचे पान टाकले, अशी टीका त्यावर झाली. पुढची साडेतीन वर्षे पाहता ती निराधार म्हणता येत नाही. अर्थात त्याच उंचीवर दुसरा हिवाळा काढण्याची किंमतही लहान नव्हती.

बाराव्या फेरीनंतर, ऑगस्ट २०२१मध्ये, गोग्रा येथून सैन्य हटले. ऑक्टोबरमधली तेरावी फेरी इतकी फिसकटली की दोन्ही देशांनी एकमेकांना दोष देणारी निवेदने काढली. हॉट स्प्रिंग्जची माघार सोळाव्या फेरीनंतर, सप्टेंबर २०२२मध्ये झाली. उरले डेपसांग आणि डेमचोक. त्यांच्यावर फेब्रुवारी २०२४मधल्या एकविसाव्या फेरीपर्यंत लष्करी टेबलावर तोडगा निघाला नाही.

तो निघाला राजनैतिक वाटाघाटींच्या जोडीने. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी गस्तीबाबतचा समझोता जाहीर केला. दोन दिवसांनी कझान येथे पंतप्रधान मोदी आणि शी जिनपिंग भेटले. दिवाळीपर्यंत माघार पूर्ण झाली, मिठाईची देवाणघेवाण झाली आणि दोन्ही ठिकाणी गस्त पुन्हा सुरू झाली. आधीच्या टप्प्यांत मात्र गस्तबंद पट्टे तयार झाले होते, म्हणजे मेंढपाळांची काही जुनी कुरणेही हातची गेली.

या फेऱ्यांनी सैनिक एकमेकांपासून दूर केले. ताबारेषा कुठून जाते हे ठरवणे त्यांच्या कक्षेतच नव्हते. मागे आणून ठेवलेले हजारोंचे सैन्य आणि अवजड शस्त्रे कमी करण्याचा प्रश्नही शिल्लक राहिला. ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार अजित डोवाल आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांच्या दिल्लीतील चर्चेत पूर्व आणि मध्य विभागांसाठीही जनरल पातळीवरची संवादव्यवस्था उभारण्याचे ठरले. तोवर ती फक्त पश्चिम विभागात, म्हणजे लडाखमध्ये होती.