साध्या डोळ्यांनी त्रिमितीय चित्र कसे पाहावे?



वरवर नुसती रंगीत नक्षी, पण नीट पाहिले की आतून मासा किंवा विमान वर येते, अशी चित्रे तुम्ही पाहिली असतील. त्यांना चष्मा लागत नाही. मग हे होते कसे?

आधी मुलांकडून एक कृती करून घ्या. हात लांब करून अंगठा उभा धरा. आळीपाळीने एकेक डोळा मिटा. अंगठा फळ्यावर सरकल्यासारखा दिसतो ना! दोन डोळ्यांत साधारण ६ सेंटीमीटर अंतर असते, म्हणून दोघांना थोडे वेगळे दृश्य दिसते. या फरकावरून मेंदू जवळ-लांब ठरवतो. १८३८ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी दोन सपाट चित्रे वापरून हे दाखवले. १९७९ मध्ये ख्रिस्तोफर टायलर यांनी तेच एका चित्रात साधले.

अशा चित्रात एकच नक्षी आडवी पुन्हा पुन्हा येते. फक्त तिच्यातले अंतर कुठे कुठे किंचित बदललेले असते. नजर चित्रापलीकडे गेली की डावा डोळा एका नक्षीवर आणि उजवा शेजारच्या नक्षीवर जातो. मेंदूला दोन्ही एकच वाटतात. जिथे अंतर कमी, तो भाग जवळ दिसतो.

पाहण्याची पद्धत :
१. चित्र नाकाजवळ धरा. धूसर दिसू द्या.
२. चित्रामागच्या भिंतीकडे पाहतोय अशी नजर ठेवा.
३. नजर न बदलता चित्र हळूहळू लांब न्या.
४. वर दोन ठिपके असतील तर ते तीन दिसेपर्यंत थांबा.
डोळे दुखले की लगेच बंद करा.

आता महत्त्वाचे. वर्ग "दिसलं, दिसलं!" म्हणून ओरडतो आणि एखादं मूल गप्प बसतं. त्याला हसू देऊ नका, "नीट बघ" म्हणून रागावूही नका. बऱ्याचदा सरावच कमी असतो. पण एक डोळा कमजोर किंवा तिरळा असेल, तर कितीही प्रयत्न केला तरी असे चित्र दिसत नाही. हे चित्र म्हणजे काही डोळ्यांची तपासणी नव्हे. तरीही मूल फळ्याकडे मान वाकडी करून पाहत असेल, एक डोळा झाकत असेल, तर पालकांना सांगा आणि नेत्रतज्ज्ञांकडे पाठवा. कमजोर डोळ्यावर लहानपणी केलेले उपचार जास्त गुण देतात. "मोठं झालं की सुधारेल" म्हणत थांबू नये.