चला, दक्षिण इटलीच्या द्राक्षमुलखात!
(सहल आखणाऱ्या सभासदांसाठी)

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या रानात उसाच्या जोडीला द्राक्षबाग आहे. द्राक्षाचे चार पैसे हाती आले की परदेश पाहण्याची हौस होते, आणि ती व्हायलाही हवी. पण युरोपची सहल म्हटली की पॅरिसचा मनोरा, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि परतीच्या वाटेवर घड्याळाची खरेदी, एवढ्यातच ती आटोपते. फोटो निघतात, पण बांधावर उपयोगी पडेल असे फारसे काही हाती लागत नाही.

ज्यांना देव, दगड आणि माती या तिन्हींत रस आहे त्यांनी नकाशावर जरा खाली बघावे. इटली देश बुटासारखा दिसतो हे आपण शाळेत शिकलो. त्या बुटाचा घोटा, तळवा आणि टाच म्हणजे कंपानिया, बासिलिकाता आणि पुलिया हे तीन प्रांत. जुनी शहरे, द्राक्षमळे आणि शेतकऱ्यांच्या सहकारी वाइनरी तिथे एकमेकांना लागून आहेत. तिथला शेतकरीही आपल्यासारखाच : जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा आणि मालाला भाव कोण देणार ही चिंता कायमची.

जायचे कधी?

पहिला प्रश्न कॅलेंडरचा. मे-जूनमध्ये हवा छान असते, पण मळ्यात बघण्यासारखे काम चालू नसते. १५ ऑगस्टला तिकडे मोठा सण असतो. त्याच्या आगेमागे बरीच दुकाने आणि कचेऱ्या बंद, आणि ऊनही रणरणते. पुलियातल्या प्रिमितिवो या काळ्या द्राक्षाची तोडणी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते व सप्टेंबरात उरकते. प्रिमितिवो म्हणजे लवकर पिकणारे. याउलट कंपानिया व बासिलिकातातले आल्यानिको हे द्राक्ष ऑक्टोबर, कधी नोव्हेंबरपर्यंत वेलीवर राहते.

आता आपले गणित मांडा. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची घाई सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होते, आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्याचे बॉयलर पेटतात. तेव्हा ऑगस्टची अखेर ते सप्टेंबरचा दुसरा आठवडा हीच सोयीची वेळ. त्या वर्षी गणपती कधी आहेत तेवढे पंचांगात पाहावे, म्हणजे घरात वाद होणार नाहीत.

व्हिसा शेंगेन पद्धतीचा लागतो. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावाच लागतो. पण दोन-तीन महिने हाताशी ठेवलेले बरे. जून २०२४ पासून प्रौढ माणसाची व्हिसा फी ९० युरो झाली. शिवाय किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

दहा दिवसांची वाट

मुंबईहून विमानाने रोम. तिथून वेगवान रेल्वेने सव्वा तासात नेपल्स. पहिले तीन दिवस इथेच मुक्काम ठेवावा. एक दिवस जुन्या शहराच्या गल्ल्यांना द्यावा. दुसरा पाँपेईला. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि हे आख्खे गाव राखेखाली गाडले गेले. घरे, भिंतींवरची चित्रे, रस्त्यांवरच्या गाड्यांच्या चाकोऱ्या, सगळे अजून दिसते. शेतकऱ्याने मात्र तिथले मळे बघावेत. वेली कुजून गेल्या तरी त्यांच्या मुळांच्या पोकळ्या राखेत राहिल्या. संशोधकांनी त्या पोकळ्यांत सिमेंट ओतून मुळांचे साचे काढले आणि कोणत्या अंतरावर वेल लावला होता, आधाराचा खांब कुठे होता, हे ठरवले. मग त्याच जागी पुन्हा द्राक्षे लावली गेली. जवळच बोस्कोरेआले येथे त्या काळातले एक शेतघर आहे. वाइन साठवायचे मोठे रांजण तिथे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले दिसतात. आपल्या पेवांची आठवण येईल.

चौथ्या दिवशी आवेल्लीनोच्या डोंगराळ भागात जावे. ताउरासी, तूफो ही तिथली वाइनची गावे. २३ नोव्हेंबर १९८० च्या भूकंपात या मुलखात हजारो माणसे दगावली आणि गावेच्या गावे ढासळली. नंतरच्या वर्षांत ज्या गोष्टींच्या जोरावर हा भाग सावरला त्यांत द्राक्षशेतीही होती. ताउरासीला १९९३ साली इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला.

पाचवा दिवस व्हुल्तुरे या विझलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी. माती राखेची, काळी. मेल्फीचा किल्ला इथेच. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३१ साली आपली कायदेसंहिता या गावी जाहीर केली. बारीले गावात मऊ खडकात कोरलेली वाइनची तळघरे एका ओळीत आहेत.

सहावा दिवस मातेराचा, आणि तो घाईत उरकू नये. उतारावरच्या खडकात कोरलेली ही घरे, म्हणजे 'सास्सी'. एकेका गुहेत आई-बाप, पाच-सहा पोरे, खेचर आणि कोंबड्या असा संसार असे. कार्लो लेव्ही या लेखकाने १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातून ही दैना देशापुढे मांडली. १९५० मध्ये पंतप्रधान दे गास्पेरी स्वतः बघून गेले आणि १९५२ मध्ये कायदा करून सुमारे पंधरा हजार माणसांना नव्या घरांत हलवले. ज्या जागेची लाज वाटत होती तीच १९९३ मध्ये जागतिक वारसा ठरली, आणि २०१९ साली मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. तिथला मोठा भूमिगत हौद जरूर पाहावा. सुमारे पन्नास लाख लिटर पाणी मावेल एवढा तो खडकात खोदलेला आहे. पावसाचा थेंब वाया जाऊ द्यायचा नाही, ही दुष्काळी माणसाची विद्या.

सातव्या दिवशी आल्बेरोबेल्लो व लोकोरोतोंदो. चुना-माती न वापरता नुसते दगडावर दगड रचून केलेली शंकूच्या छपरांची घरे, त्यांना 'त्रुल्ली' म्हणतात. सरकारी तपासनीस आला की छप्पर झटकन पाडता यावे आणि घरपट्टी चुकावी म्हणून ती अशी बांधली, असे तिथले लोक सांगतात. कर चुकवायची युक्ती सगळ्या मुलखांत सारखीच म्हणायची!

आठवा आणि नववा दिवस मांदुरिया व लेच्चे यांना. लेच्चेचा दगड इतका मऊ की कारागिरांनी चर्चच्या भिंतींवर फळे, वेली, सिंह असे काही म्हणता काही कोरायचे ठेवलेले नाही. दहाव्या दिवशी ब्रिंदिसीवरून बारी आणि परत.

ब्रिंदिसीशी आपले जुने नाते आहे. १८७० ते १९१४ या काळात विलायतेची टपाल रेल्वेने या बंदरात येई आणि इथून आगबोटीने मुंबईला. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी डिसेंबर १९३१ मध्ये याच बंदरातून बोटीवर चढले. पलीकडच्या तारांतो बंदरात १९४३-४४ साली आठव्या व दहाव्या भारतीय डिव्हिजनचे जवान उतरले. त्यांत मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई होते. त्यांपैकी नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी पुढे मध्य इटलीत लढताना पडले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले. बंदरावर दोन मिनिटे उभे राहायला वेगळे तिकीट लागत नाही.

सहकारी वाइनरीत काय बघाल?

मांदुरियाची सहकारी वाइनरी १९३२ सालची, लोकोरोतोंदोची १९३० ची. आपल्याकडे प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला, म्हणजे वीस वर्षे आधीच्या या संस्था. मांदुरियाच्या संस्थेने जुन्या तळघरातल्या टाक्यांच्या जागेत वाइनचे संग्रहालय केले आहे.

तोडणीच्या दिवसांत दारात उभे राहिले की एकदम ओळखीचे वाटते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, वजनकाटा, पावती. फरक पुढे आहे. प्रत्येक ट्रॉलीत नळी घालून रसाचा नमुना काढतात आणि साखर तिथल्या तिथे मोजतात. वजन आणि साखर दोन्ही धरून ज्याच्या-त्याच्या मालाचा भाव ठरतो. वाइनमधला अल्कोहोल साखरेतूनच येतो. लिटरभर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असली की एक टक्का अल्कोहोल. आपल्याकडे उतारा साऱ्या कारखान्याचा मिळून धरतात. चांगला पक्व ऊस घालणारा आणि कोवळा ऊस लोटणारा एकाच दरात बसतो. ट्रॉलीगणिक नमुना उसाला जमेल की नाही हा वादाचा विषय आहे. पण तिथे तो कसा चालतो, त्यावरून भांडणे होतात का, झाली तर कोण मिटवतो, हे विचारून यायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट बाजारपेठेची. पुलियाची वाइन रंगाने गडद, अंगाने जड. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती टँकरने उत्तरेकडे आणि फ्रान्सला जाई, तिथल्या फिक्या वाइनमध्ये मिसळायला. बाटलीवर नाव दुसऱ्याचे, कष्ट यांचे. १९८६ साली उत्तर इटलीत वाइनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून अधिक माणसे मेली. पाप मूठभरांचे, पण विश्वास सगळ्या इटलीचा उडाला. वाइनचा महापूर कमी करण्यासाठी युरोपीय समुदायाने वेली उपटणाऱ्यांना अनुदान दिले, तेव्हा पुलियात जुन्या बुटक्या वेलींचे मळेच्या मळे निघाले. ज्यांनी दम धरला आणि स्वतःच्या नावाची बाटली केली त्यांना पुढे दिवस आले. १९९० च्या दशकात अमेरिकेतले झिनफँडेल व प्रिमितिवो ही एकच जात असल्याचा उलगडा झाला आणि प्रिमितिवोचे नाव आणखी दूर गेले.

आपल्याला हे परके नाही. २००१ साली राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण आले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, पुष्कळांनी वाइनची द्राक्षे लावली. आणि २००९-१० च्या सुमारास मागणी घटली तेव्हा कित्येकांनी त्याच बागांवर कुऱ्हाड चालवली. लावण्याआधी विकायचे कुठे हे बघायला हवे होते, एवढेच त्यातून शिकायचे.

वेली दोन तऱ्हेच्या पाहाव्यात. एक 'आल्बेरेल्लो', कमरेइतकी बुटकी, तारेचा आधार नसलेली, पाण्यावाचून तगणारी. दुसरी बारीच्या दक्षिणेकडचा 'तेंदोने', म्हणजे चक्क आपला मांडव, खाण्याच्या द्राक्षांचा, वर प्लास्टिकचे आच्छादन. खाण्याच्या द्राक्षांत पुलिया इटलीत पहिला. बारी शहरात पाणी आले तेही डोंगरापलीकडच्या सेले नदीचे. १९०६ मध्ये काम सुरू झाले आणि १९१५ साली ते पाणी बारीला पोचले.

जे दाखवत नाहीत तेही बघा

लेच्चेकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाळून कोळ झालेली ऑलिव्हची झाडे दिसतील. २०१३ साली झायलेला नावाच्या जिवाणूचा रोग तिथे आढळला, आणि किड्यामार्फत पसरून त्याने लाखो झाडे खाल्ली. आजोबा-पणजोबांनी लावलेली झाडे. सगळा मुलूख एकाच पिकावर बसला की काय होते ते डोळ्यांनी दिसते.

दुसरी गोष्ट मजुरांची. तिथेही मुकादम आहे, त्याला 'कापोराले' म्हणतात. जुलै २०१५ मध्ये आंद्रियाजवळच्या मळ्यात घडांची विरळणी करताना एक बाई कोसळली आणि मेली. अपरात्री घर सोडून बसने लांबवर कामाला येणाऱ्यांपैकी ती एक. देशभर ओरड झाली आणि २०१६ साली मुकादमांबरोबर त्यांच्याकडून माणसे घेणाऱ्या मालकालाही शिक्षा करणारा कायदा झाला. आपल्या फडात कोयता चालवणाऱ्या बायाबापड्या कुठून आणि कशा येतात ते आपल्याला ठाऊक आहे. परदेशात जाऊन नुसती वाइनची चव पाहणाऱ्याने हा हिशेबही पाहावा.

व्यवहाराच्या चार गोष्टी

वाइनरीला महिना-दोन महिने आधी पत्र किंवा ई-मेल पाठवावा. तोडणीच्या गर्दीत न सांगता गेलेला पाहुणा कुणालाच नको असतो. आपण शेतकरी आहोत, सहकारी संस्थेचे सभासद आहोत, असे त्यात आवर्जून लिहावे.

गाडी भाड्याने घ्याल तर आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तिकडे वाहने उजवीकडून चालतात आणि जुन्या शहरांच्या आत बाहेरच्या गाडीला बंदी असते. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड घरी येतो. आठ-दहा जण असाल तर चालकासह लहान बस सोपी पडते. सुट्टीच्या दिवशी रेल्वेचे वेळापत्रक बदलते, ते आधी विचारावे.

माळकरी मंडळींनी बिचकू नये. 'पीत नाही' म्हटले की कुणी आग्रह करत नाही. चव घेणारे जाणकारसुद्धा घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकतात. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही : फावा नावाच्या डाळीचे पिठल्यासारखे घट्ट वरण आणि कडसर पालेभाजी, आल्तामुराचा जाड सालीचा पाव, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल. काही भाज्यांत बारीक मासळी घालतात, तेवढे विचारून घ्यावे.

शेवटचे सांगणे. प्रत्येकाने एक वही न्यावी. वजनकाट्यावरचे एक, मळ्यातले एक, मजुरीचे एक आणि विक्रीचे एक, असे निदान चार प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. आल्यावर उत्तरे या पत्रिकेकडे पाठवावीत. दहा जणांनी पाहिलेले हजार जणांपर्यंत पोचले, तरच सहलीचा खर्च वसूल झाला असे म्हणता येईल.