डिस्लेक्सिया आणि आपली वेलांटी

२००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ हा सिनेमा पाहिला आणि डिस्लेक्सियाबद्दल वाचायला घेतलं. ते वाचन आजही चालूच आहे, आणि आता आयुष्यभर चालेल.

डिस्लेक्सियाचा बुद्धीशी संबंध नाही. शब्दातले आवाज सुटे करायचे आणि अक्षरांशी जोडायचे, इथे मेंदूला जास्त कष्ट पडतात. मराठीत हे फार जवळून दिसतं. ‘किरण’ लिहिताना वेलांटी ‘क’च्या आधी, उच्चारात मात्र नंतर. ‘सूर्य’मधला ‘र’ ‘य’च्या डोक्यावर, तर ‘प्रकाश’मध्ये तोच ‘प’च्या पायाशी तिरपी रेघ होऊन बसतो. मूल आळशी नसतं हो, ते यातून वाट काढत असतं!

अमेरिकेतल्या ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांची शिकवण्याची पद्धत मला मनापासून पटते. एकेक आवाज सुटा शिकवायचा. मुलाने तो मोठ्याने म्हणत अक्षर पाहायचं आणि ताटातल्या रव्यात बोटाने गिरवायचं.

मुंबईत १९९६ पासून महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही या अडचणीचा समावेश आहे. डिस्लेक्सियाचं प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ मिळतो. पण तपासणीला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट बघू नका, शंका आली की लगेच शाळेत बोला.