शराव घडविणारे हात

भस्मनिर्मितीची चर्चा करताना आपण द्रव्याचे शोधन, भावना, पुटांची संख्या यांविषयी भरभरून बोलतो; परंतु ज्या शरावसंपुटात ते द्रव्य अग्नीला सामोरे जाते, त्या शरावाचा विचार क्वचितच करतो. प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नव्हता. काही वर्षांपूर्वी अभ्रकभस्माच्या एका गजपुटात खालचा शराव तडकला, चक्रिका गोवऱ्यांच्या राखेत मिसळल्या आणि आधीच्या सर्व पुटांचे श्रम वाया गेले.

तो तुकडा घेऊन मी काहीशा रागानेच गावातील वृद्ध कुंभारमामांकडे गेलो. त्यांनी तो निरखून पाहिला व शांतपणे विचारले, "वैद्यबुवा, हे जाळात जाणार असं सांगितलं होतं का? मी माठाची झाकणं म्हणून दिली. पाणी धरायची माती वेगळी, जाळ सोसायची वेगळी." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढील खेपेस मामांनी मातीत चाळलेली राख व घोड्याची लीद मळली. लिदीतील तंतू भाजताना जळून सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यामुळे अकस्मात वाढलेली उष्णता माती सोसते व पडलेला तडा पसरत नाही. बूड आणि कड यांमधील कोन त्यांनी गोलसर केला, जाडी सर्वत्र सारखी राखली. जोडीचे दोन्ही शराव एकाच बैठकीत घडवून, ओलसर असतानाच तोंडाला तोंड लावून पाहिले. त्यामुळे संधिबंधन कमी कापडमातीत घट्ट बसू लागले.

रसरत्नसमुच्चयात मूषेसाठी दीर्घकाळ अग्नी सहन करणारी माती सांगितली आहे. तीत जाळलेला तूस, ताग, लीद मिसळण्याचाही निर्देश आहे. मामांनी ग्रंथ पाहिलेला नाही. चुलीवरची भांडी घडविताना त्यांचे हात त्याच निष्कर्षाप्रत पोहोचले होते.

मामांच्या मुलाने चाक सोडले आहे. विद्युत् भट्टी वापरली तरी संपुट लागतेच. म्हणून औषधनिर्मात्या बंधुभगिनींना नम्र विनंती, की शराव मागविताना केवळ नग व भाव न सांगता पुटाचा प्रकार व द्रव्याचे प्रमाण सांगावे, नमुन्याच्या जोडीस प्रथम रिकामे पुट द्यावे आणि उत्तम शरावाचे मोल देताना हात आखडता घेऊ नये. भस्माच्या सिद्धीत कुंभाराचाही वाटा आहे, याचे विस्मरण आपणांस परवडणारे नाही.